गेटचा खांब किती इंची घ्यावा?

फॅब्रिकेटरकडे गेट सांगायला गेलं की पल्ल्याच्या डिझाइनवर तासभर बोलणं होतं. खांबाबद्दल एकच वाक्य असतं, "तीन इंची टाकू, भरपूर झालं." दोन पावसाळ्यांनंतर पल्ला जमिनीला घासायला लागतो आणि कडी कोयंड्यात बसत नाही. मग पल्ला उचलून कडी लावायची सवय घरातल्या सगळ्यांना लागते. बहुतेक वेळा पल्ल्याचं काही बिघडलेलं नसतं, खांब किंवा त्याचा पाया कमी पडलेला असतो.

हा लेख दोन पल्ल्यांच्या किंवा एका पल्ल्याच्या उघडझाप गेटसाठी आहे. बंगला, शेत, गोठा, गोदाम यांपैकी कुठलंही गेट असलं तरी हिशोब तोच. सरकत्या गेटमध्ये वजन खालच्या रुळावर जातं, खांब फक्त आधाराचा असतो. त्याला यातलं फारसं लागू नाही.

आधी एक आकडा काढा

खांबाचं माप गेटच्या उंचीवरून ठरत नाही आणि नुसत्या वजनावरूनही ठरत नाही. ते ठरतं एका पल्ल्याचं वजन आणि त्या पल्ल्याची रुंदी यांच्या गुणाकारावरून. पल्ल्याचं वजन त्याच्या मध्यावर आहे असं धरलं, तर ते खांबापासून अर्ध्या रुंदीवर लोंबकळत असतं आणि तेवढ्या अंतरावरून खांबाला ओढत असतं.

त्याच बनावटीचा पल्ला दुप्पट रुंद केला की वजन दुप्पट होतं आणि ओढण्याचं अंतरही दुप्पट होतं, म्हणजे खांबावरचा ताण चौपट. शिवाय खांब तेवढाच कलला तरी रुंद पल्ल्याचं टोक जास्त खाली येतं, त्यामुळे टोकाची उतरण आठपट होते. म्हणूनच बारा फुटांच्या वाटेला एक अखंड पल्ला करण्यापेक्षा सहा-सहा फुटांचे दोन पल्ले केले की खांब पुष्कळ हलके चालतात.

वजन अंदाजाने सांगू नका, काढा. रीत सोपी आहे. चौकोनी नळीची बाहेरची बाजू मिमीमध्ये घ्या, त्यातून जाडी वजा करा. उत्तराला जाडीने, मग ४ ने आणि मग ०.००७८५ ने गुणा. एका मीटरचं वजन किलोत मिळतं. पत्र्यासाठी जाडी (मिमी) गुणिले ७.८५ केलं की एका चौरस मीटरचं वजन येतं. १६ गेज पत्रा साधारण १.६ मिमी असतो, म्हणजे चौरस मीटरला साडेबारा किलो.

उदाहरण घेऊ. उसाची ट्रॉली किंवा टेम्पो आत जावा म्हणून सोळा फुटांची वाट ठेवली आहे. प्रत्येक पल्ला २.४ मीटर रुंद आणि १.८ मीटर उंच. चौकट ५०×५०×३ नळीची (दोन बाजू आणि जाडी, मिमीमध्ये), मध्ये एक आडवी पट्टी आणि एक तिरकी. चौकटीचे ८.४ मीटर, आडवीचे २.४ आणि तिरकीचे ३, एकूण १३.८ मीटर. मीटरला ४.४ किलो धरले तर ६१ किलो. पत्रा ४.३२ चौरस मीटर, त्याचे ५४ किलो. बिजागऱ्या, कडी आणि वेल्डिंग मिळून पाच किलो. पल्ला झाला १२० किलोचा. १२० गुणिले २.४ म्हणजे २८८.

या आकड्यात गेटवर लटकणारी मुलं धरलेली नाहीत. चाळीस किलोचा मुलगा पल्ल्याच्या टोकाला उभा राहून झोका घेतो तेव्हा तो खांबाला ८० किलो जास्तीच्या पल्ल्याइतका ओढतो, कारण तो मध्यावर नसून टोकाला असतो. घरात मुलं असतील तर खाली दिलेल्या यादीत पुढच्या गटातला खांब घ्या. मुलांना ओरडून उपयोग होत नाही.

खांब मोडत नाही, कलतो

वरच्याच पल्ल्यासाठी ७५×७५×३ ची नळी, म्हणजे बाजारातली "तीन इंची", घेतली तर काय होतं ते पाहू. पल्ल्याच्या वजनाने नळीत येणारा ताण पोलादाच्या सोसण्याच्या मर्यादेच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. त्यामुळे "मोडणार नाही" हे फॅब्रिकेटरचं म्हणणं खरंच असतं. पण खालची बिजागरी जमिनीपासून २५ सेंमीवर आणि वरची तिच्यापासून १.३ मीटरवर धरली, तर नळी एवढी वाकते की पल्ल्याचं टोक सुमारे १६ मिमी खाली येतं. आणि हे पाया तसूभरही हलला नाही असं धरून.

त्याच जागी १००×१००×५ घेतली तर टोक ४ मिमी उतरतं. १५०×१५०×५ घेतली तर जेमतेम १ मिमी. कडी-कोयंडा नीट बसायचा असेल तर ही उतरण ५ मिमीच्या आत हवी. खांब याच कसोटीवर निवडायचा.

यातून आणखी एक गोष्ट निघते. पैसे जाडीत घालण्यापेक्षा बाजूच्या मापात घाला. ७५×७५×६ ची नळी मीटरला १३ किलो भरते, १००×१००×४ ची १२ किलो. कमी लोखंडात दुसरी नळी पावणेदोनपटीहून जास्त ताठ आहे. मात्र ३ मिमीच्या खाली जाऊ नका, कारण पातळ नळी बिजागरीच्या जागी आत दबते आणि गंजायला तिथे काही उरतच नाही.

कोणत्या आकड्याला कोणता खांब

खालची मापं टोकाची उतरण सुमारे ५ मिमीच्या आत ठेवणारी आहेत. आकडा म्हणजे एका पल्ल्याचे किलो गुणिले मीटर.

- ५० पर्यंत (माणसांच्या येण्याजाण्याचं एक मीटरचं छोटं गेट): ६०×६०×३
- १५० पर्यंत (दीड ते पावणेदोन मीटरचा पल्ला): ७५×७५×४
- ३०० पर्यंत (२.४ मीटरपर्यंतचा पल्ला): १००×१००×५
- ६०० पर्यंत (तीन मीटरचा भारी पल्ला): १५०×१५०×५
- १००० पर्यंत: १५०×१५०×६

हजाराच्या वर गेलात तर सरकतं गेट करा, नाहीतर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आकडे काढून घ्या.

गोल पाइप आवडत असेल तर हरकत नाही. चार इंची बी-क्लास (मध्यम जाडीच्या) पाइपचा बाहेरचा व्यास ११४.३ मिमी आणि जाडी ४.५ मिमी असते, ताठपणात तो १००×१००×४ च्या चौकोनी नळीबरोबर बसतो. तीन इंची बी-क्लास, बाहेरून ८८.९ मिमी, हा ७५×७५×४ च्या तोडीचा. पाण्याच्या पाइपचं "इंची" हे आतल्या मापाजवळचं नाव असतं आणि चौकोनी नळीचं बाहेरचं, म्हणून दोन दुकानांतले "तीन इंची" सारखे नसतात. गोल पाइपला बिजागरीचा पत्रा नीट टेकवायला जास्त काम पडतं, एवढाच त्याचा तोटा. गावाकडे १०० चे दोन सी-चॅनेल तोंडाला तोंड लावून पेटी करतात. तोही उत्तम खांब होतो, पण शिवण पूर्ण भरलेली हवी. नुसते टाके मारले तर फटीतून पाणी आत जातं.

एका पल्ल्याच्या गेटला कडीच्या बाजूचा खांब एक माप कमी चालतो, कारण तिथे वजन लटकत नाही. पण पल्ला आपटला की धक्का तोच खातो, म्हणून दोनदा खाली उतरू नका.

पत्र्याचं गेट असेल तर वारा धरा

जाळी किंवा गजांच्या गेटमधून वारा निघून जातो. पूर्ण पत्रा मारलेलं गेट शिडासारखं काम करतं. आयएस ८७५ भाग ३ या भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे, मुंबई आणि नागपूरसाठी ४४. दाब काढायला वेगाचा वर्ग करून ०.६ ने गुणतात. ३९ ला हा दाब चौरस मीटरला सुमारे ९३ किलो येतो, ४४ ला सुमारे ११८. झाडं, घरं, आडोसा यांनी तो कमी होतो, मोकळ्या माळावर होत नाही.

आपल्या ४.३२ चौरस मीटरच्या पल्ल्यावर ९३ ने सुमारे ४०० किलोचा रेटा येतो. गेट बंद असताना त्यातला निम्मा खांब घेतो आणि निम्मा मधला जमिनीतला बोल्ट. २०० किलो सुमारे एक मीटर उंचीवर, म्हणजे किलो गुणिले मीटर २००. पल्ल्याच्या वजनाने येणारा ताण मात्र १२० गुणिले १.२ (अर्धी रुंदी), म्हणजे १४४ एवढाच. वादळात वारा वजनापेक्षा जास्त ताण देतो, आणि तोही आडव्या दिशेने. दोन्ही एकत्र आले की ७५×७५×३ ची नळी धोक्याच्या हद्दीत शिरते, १००×१००×५ ची आरामात राहते.

त्यामुळे मोकळ्या रानातल्या पत्र्याच्या गेटला एक गट वरचा खांब घ्या, किंवा वरचा अर्धा भाग जाळीचा करा. दुसरा उपाय स्वस्त पडतो. आणि मधला जमिनीतला बोल्ट रोज लावा, तो नसला की सगळा रेटा एकट्या खांबावर येतो.

लांबी आणि खरेदी

जमिनीवरची लांबी अशी धरा: पल्ल्याची उंची, खाली ७५ मिमी मोकळी जागा, वर ७५ मिमी. १.८ मीटरच्या पल्ल्याला १.९५ मीटर. ९०० मिमी खड्ड्यात खांब ८०० मिमी जातो, कारण तळाला १०० मिमी काँक्रीट असतं. एकूण २.७५ मीटर. नळ्या सहा मीटरच्या येतात, एका नळीत दोन खांब निघतात. खड्डा १२०० मिमी केला तर लांबी ३.०५ मीटर होते आणि दोन खांब निघत नाहीत. अशा वेळी वरची जास्तीची लांबी थोडी कमी करा किंवा तळाचं काँक्रीट १६० मिमी घ्या. नळीला जोड देऊन लांबी वाढवू नका. जोड बहुधा जमिनीच्या पातळीजवळ येतो, जिथे ताण आणि गंज दोन्ही सर्वांत जास्त.

चौकोनी नळी आयएस ४९२३ चा शिक्का असलेली घ्या, पाण्याचा पाइप आयएस १२३९ चा. पाइपवर पिवळा पट्टा म्हणजे ए-क्लास, निळा म्हणजे बी, लाल म्हणजे सी. खांबाला निळा किंवा लाल.

जाडीवर भरवसा ठेवण्यापेक्षा काट्यावर वजन करा. १००×१००×५ ची पूर्ण नळी सुमारे ८६ किलो भरते, ४ मिमीची सुमारे ७०. पाचच्या भावात चार मिमी देण्याची चलाखी इथे लगेच पकडली जाते. व्हर्नियर लावायचाच असेल तर कापलेल्या टोकाची बुरी घासून घ्या आणि वेल्डच्या शिवणीपासून लांब मोजा.

रंगाचं थोडक्यात. देशावर नीट घासून रेड ऑक्साइडचा हात आणि वर दोन हात ऑइल पेंट पुरतो. कोकणात आणि गोव्यात, समुद्रापासून जवळ, खांब हॉट डिप गॅल्व्हनाइझ करून घ्या. बिजागरीचे पत्रे आधी वेल्ड करा आणि नळीला दोन्ही टोकांना हवा जायला भोकं ठेवा. बंद नळी वितळलेल्या जस्तात बुडवली तर स्फोट होऊ शकतो. गॅल्व्हनाइझ केल्यावर वेल्डिंग करायची वेळ आलीच तर तेवढ्या जागेचं जस्त आधी घासून काढा, धूर विषारी असतो. नंतर तिथे झिंकचा रंग लावा.

बिजागरीची जागा

वरची बिजागरी खांबाला ओढते, खालची ढकलते. दोन्हींमधलं अंतर १.३ मीटर असेल तर आपल्या १२० किलोच्या पल्ल्यासाठी ही ओढ ११० किलो येते. अंतर अर्धा मीटर ठेवलं तर २८८ किलो. म्हणून बिजागऱ्या शक्य तेवढ्या लांब ठेवा. दोन्ही जागी आधी १००×१५० चा ६ मिमी जाड पत्रा खांबावर चहूबाजूंनी वेल्ड करा आणि बिजागरी त्यावर लावा. नाहीतर नळीची भिंत आत जाते आणि पल्ला उतरतो. वजन खालच्या बेअरिंगच्या बिजागरीवर घ्या. मध्ये तिसरी लावली तर ती बरोबर एका रेषेत हवी, नसली तर पल्ला जड चालतो.

पाया

खांब फक्त अर्धा अंश कलला तरी २.४ मीटरच्या पल्ल्याचं टोक २१ मिमी खाली येतं. वर १००×१००×५ घेऊन उतरण ४ मिमीवर आणली होती, ती सगळी मेहनत कच्च्या पायात जाते. ज्यांनी खांबावर पैसे खर्चून पायात काटकसर केली, त्यांचंच गेट सर्वांत आधी घासतं.

घट्ट मुरमात आकडा ३०० पर्यंत असेल तर ४५०×४५० मिमी आणि ९०० मिमी खोल खड्डा. त्याच्या वर असेल तर ६००×६०० आणि १२०० खोल. पहिल्या खड्ड्याला दीड गोणी सिमेंट लागतं, दुसऱ्याला साडेतीन. काँक्रीट एम २०, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू किंवा क्रश सँड, तीन भाग खडी. पन्नास किलोच्या गोणीला २५ ते २७ लिटर पाणी. पातळ करून ओतणं सोपं जातं, पण ताकद कमी होते.

काळ्या मातीत वेगळा विचार करावा लागतो. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर फटी पडतात, आणि खांब दरवर्षी थोडा वर-खाली होतो. तिथे मुरूम लागेपर्यंत खणा. लवकर लागला नाही तर किमान दीड मीटर. खड्डा वर रुंद आणि खाली निमुळता कधीच नको, फुगणारी माती असा पाया उचलून धरते. उलट तळाशी खड्डा थोडा रुंद करा. बाजूने काळी मातीच परत भरण्याऐवजी मुरूम भरून कुटा.

दोन्ही खांबांचे पाये जमिनीखाली तुळईने जोडले तर फार फरक पडतो. २३० रुंद, ३०० खोल, १२ मिमीच्या चार सळया आणि १५० मिमीवर ८ मिमीच्या रिंगा. गेट बंद असताना दोन्ही खांब एकमेकांकडे कलू पाहतात, ते ही तुळई अडवते. काळ्या मातीत तिच्याखाली वाळूचा थर ठेवा. पण पल्ला नव्वद अंशात उघडला की ओढ तुळईच्या आडव्या दिशेला जाते आणि तिथे तुळई मदतीला येत नाही. म्हणून तुळई आहे म्हणून खड्डा उथळ करू नका.

आधीच नऊ इंची विटांचे गेटचे खांब बांधलेले असतील तर त्यात बिजागरीचे खुंटे गाडू नका. वीटकामाला ओढ सोसत नाही, खुंट्याभोवती भेग पडते. वीटखांबाच्या आतल्या बाजूला स्वतंत्र पोलादी खांब उभा करा.

उभारणी

१. दोन खांबांमधलं अंतर पल्ल्यांवरून काढा. २.४ मीटरचे दोन पल्ले, दोन्ही बिजागऱ्यांकडे २०-२० मिमी, मध्ये १५ मिमी. एकूण ४८५५ मिमी, आतून आत.

२. खांबाच्या तळाजवळ १२ मिमी सळईचे दोन तुकडे आडवे वेल्ड करा, म्हणजे तो काँक्रीटमध्ये फिरणार नाही.

३. खड्ड्यात १०० मिमी काँक्रीट टाका, ते आवळलं की खांब उभा करा. मातीवर टेकलेला खांब खालून पाणी ओढतो.

४. दोन लगतच्या बाजूंना ओळंबा लावा. दोन्ही खांबांची डोकी लेव्हल पाइपने जुळवा. अंतर खाली आणि वर, दोन्हीकडे मोजा. तिरके आधार ठोका.

५. काँक्रीट थराथराने भरा आणि सळईने टोचा. वरचा भाग जमिनीपासून ५० मिमी वर आणि चहूबाजूंना उतरता ठेवा, म्हणजे खांबाच्या बुडाशी पाणी साचणार नाही.

६. ओळंबा पुन्हा पाहा. काँक्रीट भरताना खांब हटकून सरकतो.

७. हल्लीच्या बहुतेक गोण्या पीपीसी (राख मिसळलेल्या सिमेंटच्या) असतात, त्या काँक्रीटला दहा दिवस पाणी मारा. तोवर आधार काढू नका आणि पल्ला लावू नका. दुसऱ्याच दिवशी पल्ला चढवण्याची घाई हे गेट कलण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे.

८. खांबाच्या डोक्यावर पत्र्याची टोपी वेल्ड करा. उघडी नळी पावसाने भरते आणि आतून सडते.

काही कारागीर खांब मुद्दाम बाहेरच्या बाजूला तीन-चार मिमी कलता लावतात, पल्ला चढवल्यावर सरळ होईल म्हणून. हे टाळा. पल्ला उघडल्यावर तोच कल आडवा येतो आणि गेट आपोआप फिरायला लागतं. खांब ओळंब्यात ठेवा आणि पल्ल्याचं टोक ५ मिमी वर घेऊन बिजागरी लावा, किंवा आटे असलेली, फिरवून जुळवता येणारी बिजागरी घ्या.

जुनं गेट घासत असेल तर

खांब बदलण्याआधी दोष कुठे आहे ते बघा. पल्ला बंद असताना खांबाला ओळंबा लावा, मग पल्ला नव्वद अंशात उघडून पुन्हा लावा. दोन्ही वेळा खांब सरळ असेल तर दोष बिजागरीत किंवा पल्ल्याच्या चौकटीत आहे. खांब कलतो पण बुडाचं काँक्रीट हलत नाही, तर नळी कमी मापाची आहे. काँक्रीट आणि माती यांच्यात फट उघडते-मिटते, तर पाया कमी आहे, आणि तिथे कितीही जाड नळी लावली तरी गेट घासणारच. बुडाशी हातोडीने ठोकून बघा. भद्द आवाज आला किंवा पापुद्रे पडले, तर नळी आतून गंजली आहे. तिच्यावर पत्र्याची ठिगळं वेल्ड करून दोन वर्षं निघतात, त्यापेक्षा जास्त नाही.